घेर

बेळगावात वडगाव-खासबागच्या कुठल्याही गल्लीत दुपारी डोकावा, कट्ट्यावर लुंगी लावलेला एखादा काका बसलेला असतोच. पाय मोकळे, वारा आतबाहेर, आणि ढुंकून कोण बघतंय? त्याच कापडाला कमरपट्टी, चेन आणि दोन खिसे लावून काका खडेबाजारात निघाले तर मात्र अख्खा बाजार थांबेल. निदान स्कर्ट घालू पाहणाऱ्या पुरुषाला तसं वाटतं खरं.

आता या मुलखाला हे काही अगदीच नवं नाही. 1880 साली मराठी संगीत नाटक उभं करणारे अण्णासाहेब किर्लोस्कर इथल्याच गुर्लहोसूरचे, आणि त्या काळच्या नायिका सगळ्या पुरुष. सौंदत्तीच्या डोंगरावर साडी नेसलेले जोगप्पा, म्हणजे यल्लम्मा देवीला वाहिलेले पुरुष, डोक्यावर जग (देवीची टोपली) घेऊन येतात, लोक पाया पडतात. नाटक, देवी, नवस, काहीतरी कारण हवं, एवढंच. बिनकारणाचा स्कर्ट पचत नाही. ‘नवस हाय काय ओ?’ असं कुणी विचारलंच तर ‘गरम होतंय ओ’ एवढं उत्तर पुरे. लांबलचक खुलासा सुरू केला की समोरच्याला संशय येतो.

माझ्या मते अर्धी भीती शिलाईतच असते. बायकांसाठी शिवलेला तयार स्कर्ट नितंबांच्या रुंदीचा हिशोब धरून कापलेला असतो. पुरुषाच्या अंगावर तो दोन्ही बाजूंना फुगतो, मग हात सारखा तिथेच. लोकांची नजर जाते ती त्या चाळवाचाळवीवर. त्यापेक्षा टेलरकडून अर्धगोल घेराचा शिवून घ्यावा. कंबर 34 इंच असेल तर तिला 3.14 ने भागा. साधारण पावणेअकरा इंच येतात, ती आतल्या गोलाची त्रिज्या. पुढे 28 इंच लांबी आणि वर दुमडायला सव्वा इंच, म्हणजे बाहेरच्या गोलाची त्रिज्या 40. चव्वेचाळीस इंच पन्ह्याचं सव्वादोन मीटर कापड पुरतं, आणि काठाला उरलेल्या चार इंची पट्टीतून कमरपट्टीही निघते. घेर लगेच दुमडू देऊ नका. स्कर्ट रात्रभर टांगून ठेवा. तिरपा कापलेला भाग ओघळतो आणि दोन ठिकाणी खाली येतो; तो सारखा कापून मगच टीप मारायची. घाई केली तर पहिल्याच धुण्यात घेर वाकडा.

खिशाची पिशवी वरून कमरपट्टीतच शिवून घ्यावी, नाहीतर मोबाइलच्या वजनाने एक बाजू लोंबते. कापड जाडसर सुती. पातळ कापड कपिलेश्वरच्या उड्डाणपुलावर वाऱ्याने फजिती करतं आणि पावसात पोटऱ्यांना चिकटतं. आत गुडघ्यापर्यंतची सुती चड्डी हवीच, ती लाजेपेक्षाही मांड्या घासू नयेत म्हणून. दुचाकीवर मागे बसाल तर घेर गोळा करून मांडीखाली दाबा, साडी-गार्ड असलं तरी.

वर मात्र रोजचाच शर्ट, रोजच्याच चपला. एका वेळी एकच नवलाई. आधी संध्याकाळभर घरात घालून कामं करावीत, वाकावं, जिना चढावा, मांडी घालून बसून बघावं. मग बाहेर, पण स्वतःच्या गल्लीतून सुरुवात नको. ओळखीची नजर फार वेळ रेंगाळते. सणाच्या आधी गणपत गल्लीत जावं. तिथे माणसं पणत्यांचे भाव बघण्यात गुंतलेली असतात. पोरं मोठ्यांदा विचारतील, हसतील, पुढे जातील. टवाळांचं टोळकं दिसलं तर रस्ता बदलावा. त्यात कसली आली हार?

जोगप्पाचं तसं नाही. डोक्यावर जग असताना पाया पडणारा माणूसच त्याला खोली भाड्याने द्यायची वेळ आली की मागेपुढे बघतो. स्कर्टवाल्याला निदान घरी येऊन पँट चढवता येते.