तुम्ही विचारलंत म्हणून: 'हो' की 'नाही'?

भारतात आले की कुणीतरी विचारतंच. "संयुक्त महाराष्ट्रासाठी आपली माणसं गेली, आणि तिकडे कॅनडातला फ्रेंच भाषकांचा क्वेबेक प्रांत स्वतंत्र व्हायला निघाला तेव्हा तू 'नाही' म्हणालीस?" टोरोंटोतले मराठी मित्र उलट बाजूने येतात. "त्या फ्रेंचांची कुरकुर कधी संपणार? तू राहतेस कशी तिथे?" इतकी वर्षं दोघांनाही टाळलं. आता एकदाच सांगते.

टोरोंटोवाल्यांना आधी. ही कुरकुर नव्हे. क्वेबेकमधल्या मॉन्ट्रियल शहरात फ्रेंच बहुसंख्य असूनही 1960 च्या आधी वरिष्ठांशी बोलायला इंग्रजी लागायची. 1982 मध्ये देशाची नवी राज्यघटना आली ती क्वेबेकच्या संमतीवाचून, आणि ते दुरुस्त करू पाहणारा 'मीच लेक' (Meech Lake) नावाचा करार 1990 मध्ये बारगळला. आपल्या बाबतीत असं झालं असतं तर आपण गप्प बसलो असतो का?

पण संयुक्त महाराष्ट्राशी तुलना मला अर्धीच पटते. आपल्याला देशाच्या आत राज्य हवं होतं. क्वेबेककडे ते होतंच, त्यांना देशाबाहेर पडायचं होतं. शिवाय 1995 च्या सार्वमतातला प्रश्नच असा की, कॅनडाला नव्या आर्थिक आणि राजकीय भागीदारीचा औपचारिक प्रस्ताव दिल्यानंतर क्वेबेकने सार्वभौम व्हावं, हे मान्य आहे का? कॅनडाने प्रस्ताव धुडकावला तर काय, ते कुणी छातीठोकपणे सांगेना. चलन कॅनडाचाच डॉलर राहील म्हणत, पण व्याजदर ठरवणारी बँक मग परक्या देशाची झाली असती. मी नुकतीच नागरिक झाले होते. मला भीती वाटली, आणि त्या भीतीची मला आजही लाज वाटत नाही.

30 ऑक्टोबरची ती रात्र मात्र अजून अंगावर येते. टीव्हीवर सुरुवातीला 'हो' पुढे होतं. नवरा उभाच होता, बसायला तयार नव्हता. मॉन्ट्रियलची मतं येऊ लागली तशी ती आघाडी आटत गेली, दोन्ही बाजू पन्नासच्या आसपास अडकल्या, आणि शेवटी 'नाही'ला 50.58 टक्के मिळाले. जवळपास 47 लाख मतांत फरक 54,288 चा. आम्ही सुटकेचा श्वास टाकतोय तोच 'हो'च्या बाजूचे नेते, प्रांताचे पंतप्रधान जाक पारिझो बोलायला उभे राहिले. आपल्यातल्या, म्हणजे फ्रेंच भाषकांतल्या, साठ टक्क्यांनी 'हो' म्हटलंय, असं ते समोरच्या गर्दीला सांगत होते. मग म्हणाले, आपण हरलो ते पैशामुळे आणि वांशिक मतांमुळे. सभागृहात टाळ्या पडल्या. माझी मुलगी गालिच्यावर बसून फ्रेंच शाळेचा अभ्यास करत होती. तिला माझ्याआधी समजलं. "आई, म्हणजे आपण का?"

दुसऱ्या दिवशी कामावर शेजारच्या टेबलावरच्या बाईचे डोळे सुजलेले होते. सार्वभौमत्वासाठी ती महिनाभर घरोघर फिरली होती. मला बघून उठली, माझा हात धरला आणि म्हणाली, "ते तुझ्याबद्दल नव्हतं गं." ती मनापासून बोलत होती. पण ते माझ्याबद्दलच होतं. फ्रेंच शिकले, पोरीला फ्रेंच शाळेत घातलं, कर भरला, आणि माझं मत मोजून झाल्यावर कळलं की ते वेगळ्या खान्यात पडलंय. हे मी तिला बोलू शकले नाही. तिचंही काही हरवलंच होतं. पारिझोंनी त्याच दिवशी राजीनामा जाहीर केला, त्यांच्याच बाजूच्या अनेकांना ते बोलणं खटकलं, हेही खरं. तरी त्यानंतर कित्येक वर्षं मी 'नाही'चं समर्थन रागाने करत आले. युक्तिवाद मागे पडला.

आता वाद घरातच आहे. परदेशातून आलेल्यांच्या मुलांना फ्रेंच शाळेत घालणारा 1977 चा कायदा माझ्या मुलीला घडवून गेला. आज ती 'हो' म्हणते. "एका माणसाच्या एका वाक्यावर तू अख्ख्या समाजाचं भवितव्य ठरवतेस," असं मला सुनावते. मी म्हणते, क्वेबेकच्या उत्तरेतल्या क्री या आदिवासी लोकांनी त्याच ऑक्टोबरात आपलं वेगळं मतदान घेतलं आणि 96 टक्क्यांहून अधिक जणांनी क्वेबेकबरोबर कॅनडाबाहेर जायला नकार दिला. क्वेबेकला स्वतःचं ठरवायचा हक्क असेल तर त्यांना का नाही? ती गप्प होते. मग विचारते, "क्वेबेकने 1982 ची घटना अजून मान्य केलेली नाही. तुझ्या 'नाही'ने त्याचं काय केलं?" मग मी गप्प होते. बदल करू अशी आश्वासनं तेव्हा मिळाली होती, आणि तो खरा तोडगा मला कुठे दिसलेला नाही.

1998 मध्ये कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की क्वेबेकला एकतर्फी बाहेर पडता येणार नाही, पण स्पष्ट प्रश्नावर स्पष्ट बहुमत मिळालं तर उरलेल्या कॅनडाला वाटाघाटीला बसावंच लागेल. मला हे न्याय्य वाटतं. मुलीला ते कुलूप वाटतं. स्वतंत्र क्वेबेक मागणारा पक्ष, पार्टी केबेक्वा, पुन्हा सार्वमताचं बोलतोय. प्रश्न सरळ असला आणि क्री लोकांशी आधी बोलणी झालेली असली, तर मी नव्याने विचार करीन. तसं नसलं तर माझं मत 'नाही'लाच, आणि मुलीला मतदान केंद्रावर मीच गाडीने नेईन.