एकाच रात्री दोघींना कळा

दीड वर्षापूर्वी नाशिकच्या सिडकोतली एक आणि गंगापूर रोडची एक, दोघींना एकाच रात्री कळा सुरू झाल्या. मी डूला. बाळंतिणीजवळ बसते, कंबर दाबते, पाणी पाजते, घाबरलेल्या नवऱ्याला कामाला लावते. तपासणी, औषध माझ्याकडे नाही. (आमच्या आत्याबाई मला ‘शिकलेली सुईण’ म्हणतात, मी वाद घालत नाही.) त्या रात्री मी सिडकोत होते, दुसरीला नुसता फोन. तिने काही म्हटलं नाही, पण तिचे पैसे मी परत केले.

मग अशा वेळी बदली जाणारी माणसं शोधायला निघाले. गर्भसंस्कार वर्ग घेणाऱ्या एका ताईंनी थेट विचारलं, "माझ्याकडच्या बायका नेणार का?" दुसरीने कार्ड ठेवून घेतलं, बस. चूक माझीच होती, पहिल्याच भेटीत मदत मागत होते.

लेबर रूमच्या सिस्टरांचं अवघड होतं. एक सिस्टर म्हणाल्या, "तुम्ही येता आणि आम्हालाच शिकवता." खरं होतं. गर्भाशयाचं तोंड ५ सेंटिमीटर उघडल्यावरच कळांचा जोराचा टप्पा धरायचा, हे जागतिक आरोग्य संघटनेचं २०१८ चं म्हणणं मी त्यांना सर्वांदेखत ऐकवलं होतं. वर्षानुवर्षं पार्टोग्राफ, म्हणजे कळांच्या प्रगतीचा तक्ता, भरणाऱ्या बाईला! मी माफी मागितली आणि तो तक्ता वाचायला शिकवा म्हटलं. त्यांनी शिकवलाही, नाईट सुटल्यावर सकाळी साडेआठला, मिसळीच्या टेबलावर.

तीच आमची पहिली बैठक. ड्युट्या जुळेनात, तीन रविवार हुकले, मग मिसळच ठरली. स्तनपान सल्लागार, दोन आशाताई, त्या गर्भसंस्कारवाल्या ताईसुद्धा. पेठकडच्या एक सुईण मावशी लेकीकडे आल्या होत्या, त्यांनाही ओढून आणलं. आता मावशी बाळंतिणीला आरोग्य केंद्रात नेतात, पण तिथे त्यांना दारातच थांबवतात म्हणाल्या. सरकारच्या २०१७ च्या ‘लक्ष्य’ कार्यक्रमात बाळंतपणातल्या सोबतीला जागा आहे, हे ऐकून म्हणाल्या, "मग तिथल्या सिस्टरला सांगा की." सिस्टर हसल्या आणि नंबर लिहून घेतला.

भांडणंही झाली, बदली कोण जाणार आणि पैसे कसे वाटायचे यावरून. शेवटी ठरलं: छत्तिसाव्या आठवड्याआधी बाईची नेहमीची आणि बदलीची अशा दोघींशी ओळख करून द्यायची, वाटणी तेव्हाच बोलायची, आणि ग्रुपवर बाईचं नाव किंवा फोटो टाकायचा नाही. शेवटचं मला आधी सुचायला हवं होतं.

५ मे हा सुईणींचा जागतिक दिवस. "आम्हाला १२ मेला, नर्सेस डेला, गुलाब मिळतो, ५ मे कुणाच्या गावी नाही," सिस्टर म्हणाल्या. यंदा आम्ही त्या दिवशी मिसळीवर जिलबी मागवली.

गेल्या आठवड्यात बदली मी होते. रात्री अडीचला सातपूरला पोचले, दार त्याच सिस्टरांनी उघडलं. "चपला तिथे काढा. चार नंबर. कळा दर तीन मिनिटांनी."