पान आधी पालथे करून पाहावे

जुन्या नगरचित्रांच्या ॲटलासातले सुटे पान विकायला आले की पाहणाऱ्याची नजर आधी रंगांवर, तटबंदीवर, नदीतल्या गलबतांवर जाते, आणि त्यात गैर काही नाही. ही चित्रे पाहणाऱ्याला भुरळ पडावी म्हणूनच काढलेली होती. मला मात्र ते पान आधी पालथे करून पाहायची सवय लागली आहे. पान कोणत्या आवृत्तीतले, रंग केव्हाचा आणि पुस्तकातून ते कसे निघाले, याची बरीचशी उत्तरे चित्राच्या पाठीमागे मिळतात.

या छंदाच्या केंद्रस्थानी ‘सिव्हितातेस ऑर्बिस टेरारम’, म्हणजे ‘जगातील शहरे’, हा ग्रंथ आहे. जर्मनीतल्या कोलोनचा धर्मगुरू गेऑर्ग ब्राउन याने त्याचे संपादन केले, फ्रान्स होगेनबर्ग याने छपाईच्या बहुतेक प्लेटा कोरल्या, आणि १५७२ मध्ये पहिला खंड बाहेर पडला. सहावा खंड यायला १६१७ साल उजाडले. तोवर होगेनबर्ग जाऊन बरीच वर्षे लोटली होती, ब्राउन मात्र हयात होता. सहा खंडांत मिळून पाचशेंहून अधिक नगरचित्रे आहेत. १५७० मध्ये अँटवर्पला निघालेल्या ऑर्टेलियसच्या ॲटलासाने देशांचे नकाशे जसे एका ग्रंथात आणले, तसे येथे शहरांचे करायचे होते. त्याआधी अशी पुस्तके नव्हती असे नाही. १४९३ च्या न्यूरेंबर्गच्या सचित्र इतिहासग्रंथातही शहरे आहेत. पण तेथे एकच लाकडी ठसा निरनिराळ्या शहरांच्या नावाखाली बिनदिक्कत वापरलेला दिसतो. खरे गाव खऱ्यासारखे दाखवायचे, हा आग्रह कोलोनच्या या मंडळींनी पुष्कळ अंशी पाळला. ब्राउनने चित्रांच्या पुढच्या भागात स्थानिक वेशातली माणसे उभी केली आणि त्याचे एक नामी कारणही दिले: मनुष्याकृती असलेली चित्रे तुर्कांना धर्माने निषिद्ध असल्यामुळे या नकाशांचा त्यांना युद्धात उपयोग होणार नाही. हे कारण मला फारसे पटत नाही. वेशभूषा पाहायला गिऱ्हाइकाला आवडत होती, एवढे पुरेसे होते.

आपल्याकडची शहरे पहिल्याच खंडात आहेत. कोलोनचा व्यापारी कॉन्स्टंटिन फान लिस्किर्खेन याने आशिया-आफ्रिकेतल्या बंदरांची चित्रे ब्राउनला मिळवून दिली, आणि ती मुळात पोर्तुगीजांकडून आलेली असल्यामुळे भारत म्हणजे दीव, गोवा, कालिकत आणि कण्णूर एवढाच उरला. दीव आणि गोवा मोरोक्कोच्या दोन बंदरांबरोबर एकाच पानावर दाटीवाटीने बसले आहेत. कालिकतच्या वाट्याला थोडी ऐसपैस जागा आली आहे आणि त्यात हत्तीही आहे. नाशिक, पैठण किंवा पंढरपूर त्यात शोधू नये. आपल्याकडे जेथे गलबत लागत नव्हते, ते गाव या ग्रंथाच्या हिशेबातच नव्हते. म्हणूनच गोदाकाठच्या माणसाला हा ग्रंथ जगाचा वाटण्यापेक्षा व्यापारी वाटांचा अधिक वाटतो.

ही चित्रे तांब्याच्या प्लेटवर कोरून छापलेली आहेत, आणि ती पद्धत समजावून घ्यायला नाशिककराला दूर जावे लागत नाही. नाशिकरोडच्या नोट प्रेसमधून निवृत्त झालेल्या आमच्या एका शेजाऱ्यांनी नव्या कोऱ्या नोटेवरच्या गांधीजींच्या चित्रावरून माझे बोट फिरवून घेतले, तेव्हा पुस्तकांत वाचलेले सगळे एकदम उमगले. कोरलेल्या खाचांत शाई भरायची, वरची पुसून काढायची, आणि प्रचंड दाबाने कागद त्या खाचांत शिरेल असे पाहायचे. मग शाई कागदावर किंचित उंच राहते. जुन्या पानावर याच दाबामुळे चित्राच्या चारी बाजूंना प्लेटेच्या कडेची खोलगट रेघ उमटते, आणि ती पाठीमागून अधिक नीट जाणवते. आजच्या ऑफसेट नकलेत ही रेघ नसते, किंवा नंतर मुद्दाम उठवलेली असते. सराफाचे भिंग लावले की अशा नकलेतले बारीक ठिपके लगेच उघडे पडतात.

पाठीमागचा मजकूर मात्र जुळवलेल्या टाइपांनी, वेगळ्या यंत्रावर छापलेला असतो. तो लॅटिन, जर्मन की फ्रेंच, तळाशी पानाचा क्रमांक कोणता, ओळी कोठे तुटतात, यांवरून आवृत्ती ठरवता येते. पुढे या प्लेटांपैकी अनेक ॲमस्टरडॅमचा प्रकाशक यान्सोनियस याच्याकडे गेल्या आणि १६५७ मध्ये त्यांवरून पुन्हा छपाई झाली; त्यामुळे चित्र तेच असूनही पान पाऊण शतकाहूनही अधिक धाकटे असू शकते. रंगाचेही तसेच आहे. हा ग्रंथ साधा आणि हाताने रंगवलेला, अशा दोन्ही रूपांत विकला जाई. तांब्याच्या गंजापासून केलेला त्या काळचा हिरवा रंग कागदाला हळूहळू खातो, आणि शेते, बागा, टेकड्या जेथे असतील तेथे पाठीमागे तपकिरी डाग उमटतात. पुढे टवटवीत हिरवळ आणि मागे कागद अगदी निष्कलंक असेल, तर रंग गेल्या शतकातला असावा असा संशय मी घेतो. अर्थात तो संशयच. चित्रकाराने दुसराच हिरवा वापरला असेल, हेही शक्य आहे.

मधल्या घडीवर मागून चिकटवलेली कागदाची पट्टी दिसते. पान पुस्तकात बांधण्यासाठी ती लावलेली असते, आणि प्रत्येक सुटे पान कधीतरी एखाद्या पुस्तकातून उसवलेले आहे, हे ती पट्टी विसरू देत नाही. अखंड खंडापेक्षा त्यातली पाने वेगवेगळी विकून जास्त पैसे होतात, एवढ्या साध्या हिशेबापायी कितीतरी चांगले खंड फोडले गेले. अजूनही फोडले जातात. पट्टीची कड ताजी कापलेली आणि पांढरी दिसली, तर स्वस्तात मिळत असले तरी ते पान मी घेत नाही. माझ्या एकट्याच्या नकाराने बाजार थांबत नाही हे खरे, पण निदान त्या व्यवहारात माझा पैसा नसतो. संपूर्ण ग्रंथ पाहायचाच असेल, तर हायडेलबर्ग विद्यापीठाच्या ग्रंथालयाने स्कॅन करून खुले केलेले खंड घरबसल्या चाळता येतात, आणि तेही फुकट.

पाने सांभाळण्याचे काम वाटते तितके अवघड नाही. हा कागद चिंध्यांपासून केलेला असतो. शंभर वर्षांपूर्वीची मराठी पुस्तके हातात घेताच कडेने तुटतात, तेथे साडेचारशे वर्षांचे पान निर्धास्त वाकवता येते. खरा धोका आषाढ-श्रावणातल्या ओलीचा, कसरीचा आणि फ्रेमवाल्याच्या स्वस्त पुठ्ठ्याचा असतो. त्या पुठ्ठ्यातले आम्ल काही वर्षांत कागदावर पिवळी चौकट उठवते. म्हणून मी पाने आम्लरहित फोल्डरमध्ये आडवी ठेवतो, बाहेरच्या भिंतीला टेकलेल्या कपाटात ठेवत नाही, आणि भिंतीवर लावायचीच असतील तर नकला लावतो. नकलेची पाठ कोरी असली तरी भिंतीवर कोणाला कळत नाही.