अंगठ्याचा पट्टा घेताना काय बघायचं

अंगठा दुखतो म्हणून पट्टा घ्यायला निघाला असाल तर आधी दुसऱ्या हाताच्या बोटाने दाबून नक्की कुठे दुखतंय ते बघा, कारण पुढचं सगळं त्याच्यावर आहे आणि दुकानात हे कोणी विचारत नाही. माझं दुखणं अंगठ्याच्या पार मुळाशी आहे, अंगठ्याचं हाड जिथे मनगटाला येऊन मिळतं तिथे. लॅचची किल्ली फिरवली, ओला टॉवेल पिळला, कुकरचं झाकण लावलं की तिथे कळ येते, आणि ऐरोलीला जाताना गाडीत वरचं हँडल घट्ट धरून उभी राहिले तरी. चाळिशी-पन्नाशीतल्या बायकांमध्ये हे खूप दिसतं, पाळी जायच्या सुमाराला आणि त्यानंतर तर जास्तच. तिथली कूर्चा झिजते, सांधा सैल पडतो, हाड हळूहळू बाहेरच्या बाजूला सरकतं आणि मग तिथे टेंगळासारखा उंचवटा दिसायला लागतो.

आता माझी ताई, नेरुळला असते, तिचाही अंगठाच दुखतो, पण तिचं प्रकरण वेगळं. नातू झाल्यापासून त्याला दोन्ही हातांनी काखेत धरून उचलून उचलून तिला मनगटाच्या अंगठ्याकडच्या बाजूला दुखायला लागलं, म्हणजे सांध्यात नाही, वरून जाणाऱ्या शिरेत (आपण शीर म्हणतो, डॉक्टर टेंडन म्हणतात). अंगठा मुठीत घेऊन मूठ करंगळीच्या बाजूला वाकवली की ती अक्षरशः कळवळते. याला डी क्वेरव्हेन म्हणतात आणि त्याला मनगट आणि अंगठा दोन्ही एकत्र धरून ठेवणारा, हातावर वरपर्यंत जाणारा लांब पट्टा लागतो. तिला तो छान लागू पडला. म्हणून तिचं म्हणणं, तू पण हाच घे, पण मला मनगट जखडून काय मिळणार, माझं मनगट तर ठणठणीत आहे. फिजिओने माझा अंगठा धरून मुळाशी जरा दाबत फिरवला, आतमध्ये करकर झाली आणि तिने सांगितलं की तुम्हाला आखूड हवा, फक्त तळहात आणि अंगठ्याचा बुंधा धरणारा.

हा बुंधा का धरायचा ते तिने जे सांगितलं ते मला फार पटलं. अंगठा आणि बोटाच्या चिमटीत आपण टोकाला १ किलोचा जोर लावला तर मुळाच्या सांध्यावर साधारण १२ किलोचा भार पडतो. दिवसभरात आपण किती वेळा चिमटीत काय काय धरतो विचार करा, मिठाची पुडी, कपड्यांचे चिमटे, दुधाची पिशवी, मोबाइल. पट्ट्याचं काम एवढंच की हा जोर पडताना हाड सरकू द्यायचं नाही.

ठाण्यात स्टेशनच्या बाजूला, नौपाड्यात सर्जिकलची दुकानं आहेत, ऑनलाइन पण मिळतं, पण पहिला पट्टा दुकानात हातात घालूनच घ्या असं माझं ठाम मत आहे. अंगठा दुखतो म्हटलं की काउंटरवरचा मुलगा बहुतेक वेळा साधा मनगटाचा बेल्ट पुढे करतो, तो नको. घालून बघताना बघायचं ते हे, अंगठ्याचं मूळ घट्ट धरलं गेलंय का, आणि नखाजवळचा सांधा मोकळा वाकतोय का, कारण तो अडकला तर पेनसुद्धा धरता येत नाही. दुसरं, तळव्यावर ज्योतिषी जिला हृदयरेषा म्हणतात ना, बोटांच्या खालची आडवी, पट्ट्याची कड तिच्या अलीकडे थांबायला हवी, तिच्यावर चढली तर मूठ नीट मिटत नाही. अंगठा तळव्याला चिकटलेला नको आणि पार ताणलेलाही नको, हातात पाण्याचा पेला धरल्यावर जसा असतो तसा हवा. मग तिथेच सही करून बघा, पर्सची चेन लावा, बाटलीचं झाकण फिरवा. दुकानदार कंटाळला तर कंटाळू दे. आणि डावा-उजवा बघून घ्या, बऱ्याच पट्ट्यांचे वेगळे असतात. माप काही कंपन्या मनगटाचं मागतात, काही तळव्याच्या घेराचं, खोक्यावर चित्र असतं ते बघायचं.

मऊ की कडक हा खरा प्रश्न. नुसता ताणणारा कापडी किंवा निओप्रीनचा (रबरासारखं जाडसर, ताणणारं कापड) स्लीव्ह ऊब देतो, बरं वाटतं, पण चिमटीच्या कामाला त्याच्यात पुरेसा दम नसतो. ज्याच्यात अंगठ्याच्या बाजूने ॲल्युमिनियमची पट्टी किंवा प्लास्टिकची कडक पाती असते तो खरं धरतो. ती पट्टी हाताने थोडी वाकवून आपल्या हाताला बसवता येते, हे दुकानात करून मागा. सगळ्यात चांगला बसतो तो ऑक्युपेशनल थेरपिस्ट (रोजची कामं नीट करता यावीत म्हणून मदत करणारे थेरपिस्ट) करून देतात तो, थर्मोप्लास्टिकची शीट गरम पाण्यात मऊ करून आपल्याच हातावर दाबून घडवतात. महाग पडतो, पण ज्यांचे हात फार बारीक किंवा सांधा वाकडा झालाय त्यांनी तोच करावा. फक्त उन्हात उभ्या केलेल्या गाडीत विसरू नका, आकार बिघडतो.

माझं स्वतःचं असं चाललंय की ऑफिसात आणि प्रवासात पातीवाला आखूड, आणि रात्री मऊ. रात्रीचं लोक उडवून लावतात, पण २००९ मध्ये फ्रान्समधला एक अभ्यास आला होता, ११२ लोकांचा, त्यात हातावर मापाने केलेला निओप्रीनचा पट्टा रात्री वापरायला दिला होता, महिन्याभरात काही फरक दिसला नाही पण वर्षाने दुखणंही कमी आणि हाताची कामंही सोपी. म्हणून आठ दिवसांत काही होत नाही म्हणून कपाटात टाकू नका प्लीज. अमेरिकेतल्या संधिवाताच्या डॉक्टरांच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांमध्येही या सांध्यासाठी पट्टा वापराच असं ठासून सांगितलंय.

आपल्याकडचा घाम मात्र कोणी लक्षात घेत नाही. मे महिन्यात निओप्रीनखाली हात चिंब होतो, पुरळ उठतं, म्हणून उन्हाळ्यात जाळीदार कापडाचा बघा आणि मधे मधे काढून हात कोरडा करा. थंड पाण्यात साध्या साबणाने हाताने धुवायचा, वेल्क्रो बंद करून, नाहीतर सगळा लिंट त्यात अडकतो, आणि सावलीत वाळवायचा. पावसाळ्यात वाळतच नाही, तेव्हा दोन असलेले बरे. कणीक मळताना मी काढून ठेवते, कणीक वेल्क्रोत गेली की पट्टा संपला. तसंही मळायचं काम आता ह्यांनी घेतलंय, आणि नारळ खोवायचं पण, त्या दोन कामांनी अंगठ्याचं फार नुकसान होतं. बरणीच्या झाकणाला रबरी कापड, सुरीला जाड मूठ, मोबाइलवर अंगठ्याऐवजी तर्जनीने टाइप करणं किंवा बोलून लिहिणं, हे पट्ट्याइतकंच कामाचं आहे.

पट्टा दिवसरात्र चोवीस तास अडकवून ठेवायचा नाही, स्नायू ढिले पडतात, फिजिओने दिलेले व्यायाम करायचे. बोटं बधिर झाली, निळसर दिसली तर तो फार घट्ट आहे, लगेच सैल करा. आणि सांधा लाल, गरम, सुजलेला असेल, सकाळी अर्ध्या तासाहून जास्त वेळ दोन्ही हातांची बोटं आखडलेली राहत असतील, किंवा रात्री मुंग्या येऊन जाग येत असेल तर आधी डॉक्टर, पट्टा नंतर. एक्स-रेला मात्र घाबरू नका, त्यात झीज भरपूर दिसते आणि दुखत काहीच नाही अशीही माणसं असतात, आणि उलटही. ज्यांना ऐरोली-वाशी बाजूला मापाचा पट्टा करून देणारे चांगले थेरपिस्ट माहीत असतील त्यांनी मला कळवा, ताईच्या मैत्रिणीला हवाय, तिचा अंगठा बराच वाकडा झालाय.