केस पेपरवर नसलेला प्रश्न

रुग्णालयात दाखल होताना केस पेपरवर वय, वजन, रक्तदाब, मधुमेह, अ‍ॅलर्जी, आधीच्या शस्त्रक्रिया असे सारे नोंदवले जाते. मात्र दुखण्याच्या काळात या माणसाला आधार कशाचा वाटतो आणि औषधोपचाराशी संबंध येईल असा त्याचा कोणता नेम आहे, हे क्वचितच विचारले जाते. हा प्रश्न भाविकतेचा नसून उपचारांचाच भाग आहे, असे सोलापुरात राहून माझे ठाम मत झाले आहे.

आमच्या नात्यातील एका वृद्ध लिंगायत गृहस्थांची हर्नियाची शस्त्रक्रिया होती. सकाळी तयारी करून घेणाऱ्या सिस्टरांनी, ‘आजोबा, गळ्यातलं काढून घरच्यांकडे द्या,’ असे सांगितले. त्यावर, ‘ते अंगावेगळं करायचं नसतं, बाई,’ एवढेच बोलून त्यांनी चांदीच्या डबीतले इष्टलिंग, म्हणजे लिंगायत अंगावर धारण करतात ते शिवाचे प्रतीक, मुठीत धरले. अंगावर धातू असू नये हा सिस्टरांचा आग्रह रास्तच होता, कारण शस्त्रक्रियेत विजेचे उपकरण वापरले जाते आणि भाजण्याचा धोका असतो. पण शब्दाला शब्द वाढत गेला, त्यांचा रक्तदाब चढला आणि शस्त्रक्रिया लांबणीवर पडते की काय अशी वेळ आली. शेवटी भूलतज्ज्ञांनी तोडगा काढला: डबी घरच्यांकडे द्यावी आणि इष्टलिंग स्वच्छ कापडात गुंडाळून, शस्त्रक्रियेच्या जागेपासून दूर, दंडाला बांधावे. थोड्याच वेळात रक्तदाब उतरला. हीच चौकशी आदल्या दिवशी झाली असती, तर सकाळचा तो ताण कोणालाच सोसावा लागला नसता.

उपवासांची बाब तर अधिक गंभीर आहे. आमच्याच जिल्ह्यात पंढरपूर असल्यामुळे आषाढी एकादशीला कडक उपवास करणारे मधुमेही घरोघरी सापडतात. काही जण पोट रिकामे ठेवून साखर उतरवणारी गोळी मात्र नेमाने घेतात आणि घाम फुटून, हातपाय कापून कोसळतात. काही जण दिवसभर साबुदाणा आणि बटाटा खाऊन साखर वाढवून घेतात. रमजानमध्ये रोजा धरणाऱ्यांचाही प्रश्न असाच असतो, पण डॉक्टरांनी आधी विचारले तर सहेरी आणि इफ्तार यांनुसार गोळ्यांची किंवा इन्सुलिनची मात्रा आणि वेळ बदलून देता येते, आणि ज्याला उपवास खरोखरच धोक्याचा आहे त्याला तसे स्पष्ट सांगताही येते. विचारलेच नाही, तर रुग्ण ‘हो हो’ म्हणून घरी जातो आणि स्वतःच्या मनाने औषध बंद करतो.

वैद्यकशास्त्राला हे सारे अपरिचित आहे, असे नाही. लंडनमध्ये 1967 साली सेंट ख्रिस्तोफर हॉस्पिस, म्हणजे अखेरच्या आजारातील रुग्णांचे शुश्रूषाकेंद्र, सुरू करणाऱ्या सिसिली सॉन्डर्स यांनी मरणासन्न रुग्णाची वेदना शारीरिक, मानसिक, सामाजिक आणि आध्यात्मिक अशी चारही अंगांनी पाहावी, असा आग्रह धरला. जागतिक आरोग्य संघटनेच्या 1948 पासून लागू असलेल्या आरोग्याच्या व्याख्येत आध्यात्मिक अंग नाही. ते घालावे असा प्रस्ताव 1998 मध्ये कार्यकारी मंडळाने पुढे केला होता, परंतु व्याख्या बदलली नाही. अमेरिकेतील डॉ. क्रिस्टिना पुचाल्स्की यांनी तर डॉक्टरांसाठी सोपी प्रश्नावलीच तयार केली: श्रद्धा कशावर आहे, तिला आयुष्यात किती महत्त्व आहे, सोबतीला कोणता समाज आहे आणि उपचारांत तिची दखल कशी घ्यावी.

येथे एक पथ्य पाळावेच लागते. प्रार्थनेने आजार बरा होतो, असा दावा मी करणार नाही. अमेरिकेत बायपास झालेल्या 1,802 रुग्णांवरील अभ्यास 2006 मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात अनोळखी लोकांनी केलेल्या प्रार्थनेचा लाभ दिसला नाही. उलट आपल्यासाठी प्रार्थना होत आहे हे ज्यांना निश्चित ठाऊक होते, त्यांच्यापैकी 59 टक्के रुग्णांत गुंतागुंत आढळली, तर ज्यांना खात्री नव्हती पण ज्यांच्यासाठी प्रार्थना झाली, त्यांच्यात 52 टक्के. अंगारा लावून केमोथेरपी टाळायला सांगणाऱ्यांना तर रुग्णाजवळ फिरकू देऊ नये. आणि ज्याची कोणत्याच देवावर श्रद्धा नाही, त्यालाही हा प्रश्न विचारावा. त्याचा आधार नातवंडे असतील किंवा अर्धवट राहिलेले एखादे काम.

बाह्यरुग्ण विभागातील गर्दीत डॉक्टरांना इतका वेळ कोठून मिळणार, हा आक्षेप खरा आहे. म्हणून ही विचारपूस दाखल करून घेताना सिस्टरांनी करावी आणि ती रुग्णाच्या भाषेत व्हावी. सोलापूरच्या पूर्व भागातील विणकर आजी तेलुगूत बोलतील, अक्कलकोटकडचे शेतकरी कन्नडमध्ये. अशा वेळी वॉर्डातल्या मावशीच दुभाष्याचे काम करतात, आणि रुग्णाने डॉक्टरांपासून लपवलेला उपवास बहुतेक वेळा त्यांनाच आधी ठाऊक असतो.