शस्त्रक्रियेनंतर लगेचचे कॅथेटर

जन्मजात हृदयदोषाच्या शस्त्रक्रियेनंतर पहिले सहा आठवडे, अरुंद धमनी रुंदावण्यासाठी कॅथेटरने, म्हणजे रक्तवाहिनीतून सरकवलेल्या बारीक नळीने, धमनीत फुगा फुगवू नये, हा संकेत आम्ही बालहृदयरोगतज्ज्ञ दीर्घकाळ पाळत आलो, कारण ताजे टाके उसवून जीवघेणा रक्तस्राव होण्याची धास्ती असे. धास्ती निराधार नव्हती. पण ज्या बाळाचा व्हेंटिलेटर सुटत नाही आणि रक्तातले लॅक्टेट, म्हणजे शरीराला ऑक्सिजन कमी पडत असल्याची खूण, चढत चालले आहे, त्याला सहा आठवडे थांबवणार तरी कसे? ब्लॅलॉक-टॉसिग शंट, म्हणजे हाताकडे जाणाऱ्या धमनीतून फुप्फुसाच्या धमनीत रक्त नेणारी जेमतेम साडेतीन मिलिमीटरची गोअर-टेक्स या कृत्रिम पदार्थाची नळी, गुठळीने बुजली की बाळ पाहता पाहता निळे पडते. अशा वेळी मऊ टोकाची तार त्या नळीतून अलगद सरकवून, फुग्याने किंवा स्टेंटने वाट मोकळी करता येते. ताज्या टाक्यांपाशी मला नुसत्या फुग्यापेक्षा स्टेंट बरा वाटतो, कारण फुगा धमनीचे अस्तर चिरूनच ती रुंदावतो, तर स्टेंट फाजील न ताणताही ती उघडी धरतो. अर्थात, शल्यविशारद शेजारी आणि रक्ताच्या पिशव्या हाताशी असल्याखेरीज मी तार उचलत नाही. धमनीतला स्टेंट बाळ वाढेल तसा पुन्हा फुगवावा लागतो, हे पालकांना आधीच सांगितलेले बरे.