विडणीचा ओटा

पंढरीच्या वारीत दिवे घाट चढलो, सासवडला दोन रात्री काढल्या, जेजुरीत कपाळाला भंडारा लागला, नीरेत माउलींच्या पादुकांचं स्नान झालं. कोणत्या दिवशी काय झालं, ते मला आता सांगता येणार नाही. फलटण सोडल्यानंतरची एक दुपार मात्र जशीच्या तशी आठवते.

2023 चं साल. 11 जूनला आळंदीहून प्रस्थान झालं तेव्हापासून पावसाचा पत्ता नव्हता. आषाढ लागला तरी आभाळ कोरडंठाक. उजव्या टाचेला तरडगावातच फोड आला होता, बरडच्या वाटेवर तो पावलागणिक ठणकायला लागला. दिंडी पुढे गेली, मी मागे पडत राहिले. आणि राग येत होता. पहाटे तीनला टँकरपाशी रांग लावून भरलेली माझी बादली कुणीतरी उचलून नेली होती. तोंडात 'ज्ञानोबा माउली तुकाराम' आणि डोक्यात ती बादली. रस्त्याकडेला बिस्किटं वाटणारा टेम्पो, त्यावर तुटून पडलेली माणसं, पायाखाली कागदांचा खच. यासाठी का रजा काढली, असं वाटून डोळे भरून आले.

विडणीत एका घराच्या ओट्यावर मी न विचारताच बसले. आतून सत्तरीच्या आजी आल्या. माझ्याकडे नाही, आधी पायाकडे पाहिलं.

"माऊली, मोजं काढा."

मोजा फोडाला चिकटला होता. त्यांनी तांब्याभर पाणी ओतून तो भिजवला आणि अलगद सोडवला. मग घमेल्यात कोमट पाणी आणलं, मूठभर मीठ टाकलं. पाय बुडाले तशी आधी सणसणीत आग झाली, मग हळूहळू सगळं अंग सैल झालं. मी पाण्यात बोटं हलवत बसले. लहानपणी ओढ्यात पाय सोडून बसायचो, तशी. आता मी अठ्ठेचाळीस वर्षांची आहे. घरी गीझर आहे, नळ सोडला की गरम पाणी येतं. पण नुसते पाय बुडवून, दुसरं काहीही न करता, मी शेवटचं कधी बसले होते?

आजींनी चुलीच्या जाळावर सुई धरली. दोरा खोबरेल तेलात भिजवून ओवला. माझी टाच स्वतःच्या मांडीवर घेतली. मी पाय ओढायला लागले, तर म्हणाल्या, "लाजताय कशाला? आज माऊलीचंच पाय हायती." सुई फोडातून आरपार गेली, काही कळलंसुद्धा नाही. दोरा आतच ठेवून दोन्ही टोकं कापली. पाणी निथळलं, ते त्यांनी पदरानं टिपलं आणि वर हळद लावली. आई गेल्यापासून माझा पाय असा कुणी मांडीवर घेतला नव्हता.

मग बशीत गुळाचा चहा. फुंकर मारत, फुर्र आवाज करत प्यायले. इतका गोड चहा मी घरी पीत नाही. दुसरी बशी मागून घेतली.

"तुम्ही नाही आलात कधी वारीला?"

"दारातनंच जाती की. पर गुरं, पोरं, म्हातारी सासू... चालायचं राहून गेलं." मग थोडं थांबून म्हणाल्या, "पंढरीत माझं बी नाव घ्या."

उठताना मी त्यांच्या पाया पडले, त्या माझ्या पडल्या. बरडला समाजआरतीला, म्हणजे मुक्कामावर सगळ्या दिंड्या मिळून करतात त्या आरतीला, पोचले. चोपदारांनी दंड उंचावला, सगळा तळ गप्प झाला, आणि त्या शांततेत टाचेतली हळद गरम गरम लागत होती. बादली तंबूच्या दाराशी आली होती. कुणी आणली, मी विचारलं नाही.

वाखरीला फुगडी घातली, शाळा सुटल्यापासून पहिल्यांदा. पंढरीत कळसाचं दर्शन घेतलं आणि त्यांचं नाव माहीत नव्हतं म्हणून 'विडणीच्या आजी' एवढंच विठ्ठलाला सांगितलं.

परतीची एसटी त्याच रस्त्यानं आली. विडणी जवळ आली तशी मी खिडकीकडे सरकले. ओट्यावर कुणी नव्हतं. घमेलं धुऊन उन्हात पालथं घातलेलं होतं.